हिरव्या नावाचा लाल दिवा

नाना, तुम्ही गेलात ते गेलात, त्याला कुणाचाच इलाज नव्हता. पण शेतातल्या पेट्यांवरच्या दिव्यांच्या टोप्या तुम्ही बदलून ठेवल्या होत्या, एवढं एक वाक्य जायच्या आधी मला सांगायला तुमच्या तोंडाला काय झालं होतं? तीन वर्षं आपण वारूळवाडीच्या एका गाळ्यात समोरासमोर बसलो. तुमच्या डब्यातली भाकरी मी खाल्ली. मी कांदा खात नाही म्हणून नानी माझी भाजी वेगळ्या वाटीत द्यायच्या. गावभरच्या बातम्या मला सांगितल्यात. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेचं माहेरी भांडण झालं, सगळं. आणि जे सांगायचं ते मात्र गिळून बसलात.

पेपरात तुमचा फोटो आला. खाली दोन ओळी. त्यात लिहिलं होतं, 'मनमिळाऊ स्वभावाचे होते'. मनमिळाऊ! मी ते वाचून मोठ्यांदा हसले आणि पप्पा काळजीनं बाहेर आले. तुमच्याइतका हट्टी माणूस जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा सापडायचा नाही. वायर कापायची तर वीतभर जास्तच ठेवणार. स्क्रू चार असतील तर पाचवा खिशात असणार. आणि वादात हरलात की टेस्टर कानावर अडकवून चहाला निघून जाणार.

आता मी जे लिहिते आहे ते तुम्हाला माहीत आहे. तरी पुन्हा सांगते, कारण मी सांगत असताना तुम्ही ते कधीच नीट ऐकून घेतलं नाहीत.

आपली पेटी म्हणजे मोटरीचा स्टार्टर, आणि त्याच्या शेजारी बसवलेला तळहाताएवढा कॉम्प्युटर. मोटर चालू झाली, बंद झाली, काही बिघडलं, की तो मोबाइलवर कळवतो आणि पेटीच्या दारावर तीनपैकी एक दिवा लावतो. लोखंड, वायरिंग, स्टार्टर हे तुमचं खातं, कॉम्प्युटर माझं. त्या कॉम्प्युटरला डोळे नसतात. दारावर कुठला दिवा आहे ते त्याला नाव लिहून द्यावं लागतं, आणि ते नाव लिहायची एक ठरलेली रीत आहे. आधी दिव्याचा रंग, मग दोन टिंबं, मग दिव्याचं काम. हिरवा, दोन टिंबं, पंप. लाल, दोन टिंबं, बिघाड. पिवळा, दोन टिंबं, बंद. इंग्रजीत लिहायचं, एवढाच फरक. उद्या मी नसले आणि दुसऱ्या कुणी पेटी उघडली, तर नुसतं नाव वाचून त्याला कळलं पाहिजे की कुठला दिवा काय सांगतोय. आणि नाव एकदा दिलं की उठसूट बदलायचं नाही, कारण बाकीचे प्रोग्राम त्याच नावानं त्या दिव्याला हाक मारतात.

मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणालात, "शेठाणी, उलटं लिवलंस तू."

मी फ्रॉकमध्ये पप्पांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचे तेव्हापासून तुम्ही मला शेठाणी म्हणता. चिडवायला म्हणायचात, तेच नाव पडलं.

"काय उलटं आहे त्यात?"

"हिरवा म्हंजी मोटर चालू? आगं, लाल म्हंजी करंट हाय, लांब रहा. हिरवा म्हंजी बंद हाय. आमी सगळा जल्म ह्येच बगितलं."

"नाना, हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे गडबड. सिग्नलला काय असतं?"

"शिग्नल? माज्या गावात कुठं हाय शिग्नल? लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर लावलाय का?"

मग तुम्ही शेतकऱ्याचं सांगितलंत. विहिरीवरच्या जुन्या बोर्डावर तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. तिन्ही लागले की थ्री फेज आली. "गड्याला लाल दिसला की त्यो खूश व्हतो. लाईट आली म्हनून घरला वरडत जातो. आन तू त्याला सांगनार, बाबा, ह्यो बिघाड हाय?" मी हसले. म्हटलं, शेतकरी शिकतील. तुम्ही म्हणालात, "शिकतील की. पर शिकंस्तवर हात कुणाचा?" तो प्रश्न मी तेव्हा ऐकलाच नाही. मला वाटलं तुम्ही नेहमीसारखे वादासाठी वाद घालताय.

वाद तरी किती घातला आपण त्या तीन नावांवरून! नावात रंग घालायचाच कशाला, इथून तुमची सुरुवात. "आमच्या आळीत एक गोऱ्या हाय. बारश्याला गोरा व्हता. आता उनातानात काळा ठिक्कर पडलाय, तरी गोऱ्याच. कुनी त्याचं नाव बदललं का?" मी म्हणाले, म्हणूनच तर रंग खरा लिहायचा, नाहीतर गोऱ्याला शोधायला येणारा माणूस गोरा माणूस शोधत बसेल. तुम्ही म्हणालात, "गोऱ्याला शोधायला कुनी येत न्हाई, त्योच लोकांकडं जातो." माणूस वादात निदान एका रस्त्यानं तरी चालावा. तुम्ही बांधावरून आडवे जाणार.

मग तुम्ही हद्दच केलीत. मी बँकेत गेले असताना माझ्या कॉम्प्युटरवर एका बोटानं एकेक अक्षर शोधत नवीन नाव लिहून ठेवलंत: लाल, दोन टिंबं, मोटर. मराठीतलं 'मोटर', इंग्रजी अक्षरांत, तेही चुकीच्या स्पेलिंगनं. कॉम्प्युटरनं बिनतक्रार घेतलं आणि त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या चाचण्या आडव्या झाल्या. मी तुम्हाला नको ते बोलले. "तुमचं काम वायर जोडायचं आहे, ते करा," असं म्हणाले. तुम्ही डबा तसाच बांधून घरी नेलात. नानींनी दुसऱ्या दिवशी माझी वाटी भरून पाठवली होती, पण तुम्ही माझ्याशी अर्धा दिवस बोललात ते फक्त पक्कड मागायला.

आणि मग आठवडाभरात एकदम म्हणालात, "बरं. तुजंच खरं."

मी केवढी खूश झाले! नारायणगावच्या स्टँडसमोर तुम्हाला उसाचा रस पाजला. तुम्ही दोन ग्लास प्यालात आणि गोड गोड बोललात. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. तुम्ही आयुष्यात कधी कुणाला 'तुझं खरं' म्हणाला नव्हतात, नानींनासुद्धा नाही.

त्या दिवसापासून प्रत्येक पेटी गाळ्यातून माझ्या रंगांनी बाहेर पडायची आणि शेतावर तुमच्या रंगांनी उभी राहायची. दिव्यावरची रंगीत टोपी आटे फिरवून काढायची, दुसरी बसवायची. दोन मिनिटांचं काम. वायरीला हात लावायचा नाही, कॉम्प्युटरला तर नाहीच. म्हणजे माझ्या कागदावर 'हिरवा, पंप' लागला की शेतात लाल दिवा पेटणार. बिघाडाला पिवळा. बंदला हिरवा. आत सगळं माझं आणि बाहेर सगळं तुमचं.

"तू कशाला येती उनाची? मी जातो, बसवून येतो," म्हणून तुम्ही गाडीला पेटी बांधून निघायचात आणि मला वाटायचं, नाना किती काळजी घेतात. शेतकऱ्यांचे फोन तुम्हालाच यायचे आणि मला वाटायचं, बरं झालं, माझा वेळ वाचला. तीन वर्षांत एकाही शेतकऱ्यानं मला पेटीचा फोटो पाठवला नाही. अहो, हे लोक सकाळी उठून फुलांचे फोटो पाठवतात, लेकराच्या दाताचा फोटो पाठवतात, आणि पेटीचा एक नाही! आता कळतंय, तुम्ही ताकीदच दिली होती.

मग त्या दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत. दहाव्यानंतर नानींनी तुमचा फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "सारका वाजतो. पेट्यावालं लोक हायेत. मी काय सांगू त्यास्नी?" मी घेतला. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला घोडेगावच्या पुढून भीमाजीभाऊंचा फोन आला. तुम्हाला ते चांगले माहीत आहेत. टोमॅटो लावतात, बोअरवर आपली पेटी आहे, आणि रेंज नसल्यामुळे त्या पेटीची खबर माझ्याकडे बहुतेक वेळा येतच नाही.

"ताई, मोटर चालू केली, पर पानी यीना."

"कुठला दिवा लागलाय?"

"लाल."

मला हायसं वाटलं. सोपं निघालं. "म्हणजे बिघाड दाखवतोय. मोटर बंदच आहे. दार उघडा, खालच्या पट्टीत एक स्क्रू सैल होतो, तो आवळा."

"ताई, लाल हाय. हात कसा घालू?"

"लाल आहे म्हणूनच घाला. लाल म्हणजे बिघाड, मोटर बंद."

"तसं न्हाई वो ताई..."

"भीमाजीभाऊ, पेटी मी बनवलीय का तुम्ही?"

ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मी आत जाऊन आमटी-भात जेवले, नाना. दोनदा भात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. "आवळला का स्क्रू?"

"न्हाई आवळला. राग मानू नका ताई. नाना म्हनलं व्हतं, ताईनं फोनवर कायबी सांगितलं, तरी लाल आसंल तर पेटीत हात घालायचा न्हाई. आदी मेनचा खटका खाली पाडायचा. म्हनून मेन पाडला. मंग पाइप बगितला तर जॉइंट सुटला व्हता. पानी खालच्या खालीच जात व्हतं."

"म्हणजे मोटर चालू होती?"

"चालूच व्हती की. लाल व्हता ना."

मी तीनदा विचारलं. तीनदा त्यांनी तेच सांगितलं, तिसऱ्यांदा जरा काळजीनं, लहान पोराला सांगावं तसं. मोटर चालू होती, पेटीत थ्री फेज होती आणि मी एका माणसाला आत उघडा हात घाल म्हणून सांगितलं होतं. वर दरडावून. मोटर खरोखर बंद असती तरी वरून आलेली लाईट पेटीत असतेच, आधी मेन पाडायचा असतो. तुमच्या शाळेतला हा पहिला धडा, आणि तोसुद्धा मी विसरले होते.

पप्पांची गाडी काढून मी तशीच घोडेगावला गेले. टोमॅटोच्या कडेला पत्र्याखाली पेटी होती. मी मोटर चालू करायला सांगितली. पेटीला वायरनं जोडलेल्या माझ्या लॅपटॉपवर आलं, 'हिरवा, पंप' लागला. समोर लालभडक दिवा. मेन पाडून मी टोपी फिरवून काढली. आत साधा पांढरा दिवा. बाकीच्या दोन काढल्या. तुम्ही त्या इतक्या नीट आवळून बसवल्या होत्यात की माझी बोटं दुखली.

भीमाजीभाऊ बाजूला उभे होते. त्यांना काय सांगितलं मी, माहीत आहे? म्हटलं, "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता." आणि गाडीत बसून निघून आले. मंचरपर्यंत मी तुम्हाला शिव्या देत होते. काचा वर होत्या म्हणून बरं.

तुमच्या तेराव्याला लोक जेवून गेल्यावर मी नानींजवळ बसले. मला तुमची तक्रार करायची होती. म्हटलं, नानी, नाना माझ्याशी खोटं वागले. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांच्या उजव्या हाताची बोटं बगितली व्हतीस न्हवं?"

बघितली होती. दोन बोटं वाकडी, नखं नाहीत. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, दिवाळीत फटाका हातात फुटला. मोठेपणी परत विचारायचं मला सुचलंच नाही.

"फटाका न्हाई," नानी म्हणाल्या. "ठेकेदाराकडं लाइनीवर व्हते. फोनवरनं सांगितलं, लाइन बंद हाय, चढा. ते चढले." एवढंच म्हणून त्या भांडी आवरायला उठल्या.

मी तुमच्यावर अजून रागावलेलीच आहे. उलट त्यानंतर जास्त रागावले. ही गोष्ट तुम्ही मला त्या पहिल्या दिवशी का नाही सांगितलीत? सिग्नलच्या गप्पा मारल्यात, गोऱ्याची गोष्ट सांगितलीत, आणि तुमचा हात माझ्यासमोर टेबलावर होता तो दाखवला नाहीत. एकदा जरी म्हणाला असतात, 'पोरी, हे बघ,' तर मी त्या तीन नावांची काय किंमत ठेवली असती? पण नाही. हात खिशात, तोंडावर हसू, आणि 'तुजंच खरं'.

पुढचे चार दिवस मी पेट्या बघत फिरले. दोन्ही तालुक्यांत. पेटीगणिक तेच रंग आणि माणसागणिक तेच वाक्य: ताई फोनवर काही म्हणू दे, लाल असला की हात नाही. कुणी लाजत सांगितलं, कुणी हसत. एक जण म्हणाला, "नाना लई बेरकी, राव." मी आपल्याच पेट्यांवर पाहुणी म्हणून हिंडत होते. माझ्या शब्दाला कुठल्याच शेतात किंमत नव्हती, आणि किंमत नव्हती म्हणून एक माणूस आज जिवंत आहे. हे गिळायला फार जड गेलं मला.

घरी येऊन पप्पांना सांगितलं, तर ते चष्मा पुसत म्हणाले, "मला माहीत होतं."

"तुम्हाला?"

"पहिल्या टोप्या बदलल्या त्याच दिवशी नाना दुकानात येऊन सांगून गेले. म्हणाले, पोरीचा जीव अडकलाय त्या नावांत. पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून पहिल्यांदा नीट जेवायला लागलीय. राहू द्या तिचं तसं."

नाना, मी पुण्याहून परत आले तेव्हा अख्ख्या बाजारानं विचारलं होतं, का सोडली, काढलं का, लग्नाचं काय. एकट्या तुम्ही काही विचारलं नाहीत. एक उघडी पेटी माझ्यासमोर ठेवलीत, हातात टेस्टर दिलात, पायाखाली कोरडी फळी सरकवलीत आणि म्हणालात, "हां, आता सांग, ह्यात करंट कुठं हाय?" वायरीला कथलाचा डाग द्यायला तुम्ही शिकवलंत. माझ्या हातावर चटका बसला की आधी हसायचात आणि मग मलम काढायचात. ते सगळं मी विसरलेले नाही. तुमचं माझ्यावर किती आहे ते मला ठाऊक आहे. म्हणूनच तर एवढा संताप होतो. ज्यानं मला चटके बसू दिले, त्यानं मला चुकलीस म्हणून तोंडावर का सांगू नये? मी ओरडले असते, दोन दिवस फुगून बसले असते, आणि तिसऱ्या दिवशी नावं बदलली असती. तुम्हाला तो तिसरा दिवस दिसला नाही का?

की तुम्ही सांगितलं होतं आणि मीच वायर जोडा म्हणाले? हो. तेच खरं आहे. मी त्याची माफी कधी मागितली नाही. उसाच्या रसावर भागवलं.

काल मी ती रीत पुन्हा वाचली. जिच्या नावानं तुमच्याशी एवढी भांडले ती, पहिल्या ओळीपासून. त्यात लिहिलंय की नावात दिव्याचा रंग लिहा आणि काम लिहा. रंग म्हणजे जो डोळ्यांना दिसतो तो. बास. हिरवा म्हणजे चालू आणि लाल म्हणजे बिघाड, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. एक अक्षर नाही. ते मी माझ्या मनानं घातलं होतं आणि तुम्हाला जगाचा नियम म्हणून सांगितलं होतं. 'लाल, पंप' हे नाव त्या रीतीत पहिल्या दिवसापासून बसत होतं. तुम्ही एका बोटानं लिहिलंत त्यात चूक होती ती स्पेलिंगची. रीत मोडली ती मी आणि तुम्ही मिळून: मी हट्टानं आणि तुम्ही गुपचूप. नाव हिरवं, दिवा लाल, आणि खरं काय ते सांगायला एकच माणूस. तो माणूस दुपारी जेवून आडवा झाला.

तर मी नावं बदलायला घेतली आहेत. एकदा दिलेलं नाव बदलू नये म्हणतात ते का, तेही आता चांगलंच कळलं. माझे निम्मे प्रोग्राम जुन्या नावाला हाका मारत बसले आणि एकेकाची समजूत घालता घालता मला घाम फुटला. गाळ्यात बसून सगळं तयार केलं, पण पहिली पेटी मला शेतावर जाऊनच करायची होती. कुठल्या शेतावर ते तुम्हाला सांगायला नको.

भीमाजीभाऊ टोमॅटोला सुतळी बांधत होते. मी म्हटलं, "भाऊ, नेटवर्कचा काही प्रॉब्लेम नव्हता. त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. तुम्ही माझं ऐकलं असतं तर जीव गेला असता तुमचा." मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं.

ते सुतळीची गाठ मारून उठले. "ठावं हाय ताई. त्याच दिशी कळलं व्हतं."

"मग मी आले तेव्हा बोलला का नाही?"

"तुमचा चेहरा बगितला. नाना नुकतंच गेल्यालं. म्हनलं, येतील तुमी परत."

मी बांधावर बसून लॅपटॉप उघडला आणि पेटीला वायर लावली. ते माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले. जुनं नाव खोडलं. लाल, दोन टिंबं, पंप. खाली पिवळा, बिघाड. त्याखाली हिरवा, बंद. त्यांना मोटर चालू करायला सांगितली. दारावर लाल लागला आणि पडद्यावरही लाल आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा दोन्हीकडे एकच.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"काय केलं म्हनायचं?"

"नावात हिरवा लिहिला होता. तिथं लाल लिहिला."

ते पडद्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "येवढंच व्हतं व्हय?"

"हो भाऊ," मी म्हटलं. "एवढंच होतं. आणि ते मला नाना असताना करता आलं नाही."